म्हातारी काय म्हणते

दाजींनी पिंपाचं झाकण उचललं, डोळे मिटले, आत वाकून छातीभर श्वास ओढला आणि भुवया हळूच वर नेल्या. मग भुवया तशाच वर ठेवून पिंप मेहुण्याकडे सरकवलं.

"सांग. काय म्हणते म्हातारी?"

मेहुणा वाकला. एकदा आत हुंगलं, एकदा डोळ्याच्या कोपऱ्यातून दाजींकडे बघितलं.

"खूष आहे."

"नक्की?"

"बघा की. गालातल्या गालात हसतेय."

दाजींनी मान डोलावली आणि भुवया जागेवर आणल्या. झालं, आजची परीक्षा संपली.

म्हातारी म्हणजे आंबवण. मालकीणबाईंच्या वडिलांनी कधीकाळी पीठ आणि पाणी कालवून ठेवलं होतं, ते आंबलं. त्यातलं थोडं रोज पावाच्या कणकेत जायचं आणि उरलेल्याला पुन्हा ताजं पीठ-पाणी घालायचं. वडील गेले, पण हे राहिलं. रोज जेवत होतं, रोज फुगत होतं. एवढं वय झालेल्या बाईमाणसाला आंबवण कसं म्हणायचं, म्हणून म्हातारी. तिची तब्येत वासावरून कळायची. पिकल्या फळासारखा वास आला की पोट भरलेलं. वास बदलला की भूक लागली, घाला जेवायला. घड्याळ बघून तिला जेवायला घालता येत नसे, कारण गरमीत ती दुप्पट खायची आणि थंडीत नाक मुरडायची. म्हणून बेकरीला उस्ताद लागायचा, आणि उस्तादाला नाक.

गोम अशी होती की दाजींचं नाक गेलं होतं.

म्हणजे दिसायला होतं जागच्या जागी, चांगलं धारदार. आतलं दुकान तेवढं बंद. दोन वर्षांपूर्वी ताप आला, तो उतरला तेव्हा जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, तापाने फक्त शेवटचा धक्का दिला, घर तुम्हीच सिगारेटींनी पोखरून ठेवलं होतं. जिभेला आंबट, खारट कळायचं. बाकी जे खाल ते पुठ्ठा.

दाजींनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. त्याऐवजी दुसऱ्याच दिवशी मेहुण्याला समोर उभं केलं आणि म्हणाले, आजपासून रोज तुझी परीक्षा. मी आधी वास घेणार, बोलणार काही नाही, तू सांगायचं. मेहुण्याला वाटलं, दाजी आपल्याला तयार करताहेत. बाकी बेकरीला वाटलं, दाजींची नवी थट्टा. थट्टेवर कोणी शंका घेत नाही, हे दाजींना शाळेपासून माहीत होतं.

दाजी हे नावही मेहुण्यामुळेच पडलेलं. तो बायकोचा धाकटा भाऊ, त्याने म्हणायचं हे ठीकच. पण त्याचं ऐकून पीठवाला दाजी म्हणायला लागला, गाडीवाला दाजी म्हणायला लागला, शेवटी मालकीणबाईही. "अख्ख्या बेकरीच्या बहिणीशी लग्न केलंय मी," असं दाजी सांगायचे, "आणि हुंडा म्हणून हा एक मेहुणा मिळाला."

पण गेले काही महिने थट्टा जरा कोरडी पडत चालली होती. दुकानांतून पाव परत यायला लागले होते. शिळे नव्हते, करपलेले नव्हते, फक्त विकले गेले नव्हते. मालकीणबाईंनी दाजींना वर बोलावलं होतं.

"दुकानदार म्हणतात, पूर्वीसारखा नाही. काय नाही ते सांगता येत नाही त्यांना. तुम्ही सांगा."

दाजींनी आधी पिठावर ढकललं, मग भट्टीवर, मग हवेवर. आता ढकलायला काही उरलं नव्हतं. शनिवारी एका कंपनीचा माणूस येणार होता. पाकिटातलं खमीर आणि ते मोजून घालणारं यंत्र घेऊन. ते यंत्र बसलं की म्हातारी गटारात आणि दाजी घरी. मालकीणबाईंनी तसं तोंडाने म्हटलं नव्हतं. "शनिवारपर्यंत बघा काय सापडतं का," एवढंच म्हणाल्या होत्या. पण दाजींना वास येत नसला तरी अंदाज यायचा.

त्यातच त्या दिवशी सकाळी पहिली भट्टी उतरल्यावर दारात एक बाई उभी राहिली. खांद्याला चपटी पिशवी, गळ्यात खेळाच्या मास्तराच्या असतं तसलं स्टॉपवॉच.

"मी हिशेब खात्याकडून आलेय," ती म्हणाली. "सिगारेटीपायी देशाचं वर्षाला किती नुकसान होतं, त्याची पाहणी चालू आहे. आज दिवसभर मी इथे बसणार."

"देशाचं नुकसान मोजायला इथे?" दाजी म्हणाले. "देश तिकडे असतो, मोठ्या रस्त्याला."

"तिकडे झाला मोजून. आता लहान रस्ते."

दाजींना ती आवडली. त्यांनी स्वतःच्या हाताने एक पोतं झटकून तिला बसायला दिलं आणि मेहुण्याच्या कानात तिचं नाव ठेवलं. तोटाबाई.

तोटाबाई पोत्यावर बसली. कणीक मळून झाली, गोळे झाले, त्यांच्यावर ओलं फडकं पडलं. दाजी आणि मेहुणा एकमेकांकडे न बघता मागच्या अंगणाकडे निघाले. टक्. तिने स्टॉपवॉच दाबलं आणि मागोमाग आली.

"दिवसातून किती वेळा येता इथे?"

"कुठे?"

"फुंकायला."

"असं तोंडावर विचारतात का," दाजी म्हणाले. "याच्या बहिणीच्या कानावर गेलं तर दोघांचाही डबा बंद."

"तिला माहितीये, दाजी," मेहुणा म्हणाला.

"माहीत असणं वेगळं, कानावर जाणं वेगळं." दाजींनी काडी ओढली. "हे बघा मॅडम, तुमचं ते घड्याळ बंद करा. आमच्याकडे तोटा नाही. कणीक झाकली की ती तिच्या मर्जीने फुगते. तिच्यापुढे उभं राहून टाळ्या पिटल्या तरी लवकर फुगत नाही. ती आत फुगते, आम्ही बाहेर फुंकतो. देशाचं गेलं काय?"

तोटाबाईने थोडा विचार केला. घड्याळ थांबवलं आणि काटा मागे नेला.

"बरोबर आहे. शून्य लिहिते."

दाजींचं तोंड पडलं. त्यांनी पुढची चार वाक्यं तयार ठेवली होती.

"लगेच काय लिहिता? जरा भांडायचं तरी."

"माझं काम मोजायचं. भांडायला वेगळं खातं आहे."

मेहुण्याला धुरातच हसू आलं आणि तो खोकत बसला. तिने खोकलाही लक्ष देऊन ऐकला, एखाद्या यंत्राचा आवाज ऐकावा तसा.

"वर आणखी ऐका," दाजींना जोर चढला. "प्रत्येक पाकिटावर सरकार कर घेतं. म्हणजे तुमचा पगार कोण देतं? आम्ही. हा मेहुणा एकटा तुमची पिशवी विकत घेऊन बसलाय."

"मान्य. पण तो पैसा मागच्या दाराने दवाखान्यात जातो. आणि एकटा जात नाही, भावंडं घेऊन जातो."

"आणि लवकर मेलो तर? पेन्शन वाचलं ना देशाचं?"

"तसाही हिशेब करतात काही जण. आमच्याच खात्यातल्या एका साहेबांनी करून आणला होता. सुरेख होता, कुठे चूक नव्हती."

"मग?"

"त्यांच्या वरचे साहेब म्हणाले, घरी वडिलांना वाचून दाखवलात का."

दाजींनी राख झटकली. हे उत्तर त्यांना स्वतःला सुचायला हवं होतं.

"बरं, मालकीणबाई वर ऑफिसात ओढतात," ते म्हणाले. "आमच्या दुप्पट. त्यांचा वेळ?"

"मालकांना रकाना नाही."

"हो का. बरोबरच आहे. आम्ही ओढतो तेव्हा वेळ वाया जातो, त्या ओढतात तेव्हा विचार करत असतात."

"तोटाबाईंना पाणी देऊ का?" मेहुणा मध्येच म्हणाला, आणि मग त्याला कळलं आपण काय म्हणालो ते.

दाजी भिंतीवरची पाल निरखायला लागले.

"तोटाबाई चांगलं आहे," ती म्हणाली. "साबणाच्या कारखान्यात मला गळती म्हणायचे."

त्यानंतर तिला खुर्ची मिळाली.

तिला नुसतं बसवत नव्हतं, हे दुपारपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं. पीठ चाळताना ती चाळणीत डोकावायची. भट्टीचं दार का वाकडं आहे ते विचारायची. ओल्या फडक्याचं टोक उचलून बघायची आणि दाजींनी डोळे वटारले की सोडायची. आकडे मागायला आलेली बाई आकड्यांखेरीज सगळं विचारत होती. दाजींनाही सांगायला मजा येत होती, कारण गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना पावाबद्दल तक्रारीशिवाय कोणी काही विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात मेहुणा पिठाची परात घेऊन जाता जाता म्हणाला, "दाजी, म्हातारीला आत्ताच जेवायला घालू का संध्याकाळी?"

"संध्याकाळी. सकाळी खूष होती ना? एकदाच खाऊ दे. सारखं सारखं खाऊन सुस्तावते."

तोटाबाईने मान वर केली.

"कोण म्हातारी?"

दाजींनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने परातीत बघितलं. अशी संधी रोज चालून येत नाही.

"आहे आमची एक," दाजी गंभीर होऊन म्हणाले. "मागच्या खोलीत असते. मालकीणबाईंच्या वडिलांच्या वेळची."

"वय काय असेल?"

"सत्तरीच्या पुढे. पण अजून अंगात रग आहे. परवा रात्रीत उठून बाहेर आली, सगळी फरशी घाण केली."

"आणि तिचं करतं कोण?"

"आम्हीच दोघं. रोज वास घेऊन बघतो. आंबूस आला की जेवायला घालतो. बाकी वेळ झाकण लावून ठेवतो."

"झाकण?" तोटाबाई उठून उभी राहिली.

"नाही तर चिलटं बसतात हो अंगावर."

मेहुणा परात घेऊन भिंतीकडे वळला, त्याचे खांदे हलत होते. तोटाबाईच्या चेहऱ्यावर आता हिशेब खातं राहिलं नव्हतं.

"मला भेटायचंय त्यांना."

"भेटा की. फार कोणी येत नाही बिचारीला भेटायला."

दाजी पुढे, ती मागे. मागची खोली अंधारी आणि गार होती. दाजींनी दिवा लावला. तोटाबाईने खाट शोधली, मग कोपरे शोधले, मग तिची नजर पिंपावर आली. दाजींनी अदबीने झाकण उचललं.

"आजी, हिशेब खात्याच्या बाई आल्यात."

ती हसली. पिशवी खाली पडेपर्यंत हसली. दाजींना वाटलं, आज महिन्याभराने काहीतरी नीट जमलं. मग डोळे पुसत ती पिंपावर वाकली, आणि पटकन मागे झाली.

"ही अशीच असते का?"

"कशी?"

"वासाला. नखांचा रंग पुसायचं पाणी असतं ना, बाटलीतलं? तसा येतोय."

दाजींच्या हातातलं झाकण तसंच राहिलं.

"पुन्हा घ्या," ते म्हणाले. "नीट घ्या. फळासारखा नाही? केळ्यासारखा वगैरे?"

ती पुन्हा वाकली. या वेळी सावकाश.

"नाही. तोच. जरा रंगाच्या दुकानासारखाही. का? वाईट असतं का ते?"

वाईट असतं. दाजींना हा वास आठवणीतून माहीत होता. म्हातारी उपाशी होती, आणि एका दिवसाची नाही. असा वास यायला कित्येक आठवडे अर्धपोटी राहावं लागतं. अशी म्हातारी कणकेत घातली की पाव वर येतो, रंग धरतो, दिसायला गोरागोमटा होतो, फक्त पुन्हा घ्यावासा वाटत नाही. पीठ निर्दोष होतं. भट्टीचं दार वाकडं असलं तरी भट्टीही निर्दोष होती.

"बसा तुम्ही," ते म्हणाले. "मी आलो."

मेहुणा अंगणात होता. दाजींनी मागचं दार लावून घेतलं.

"सकाळी काय म्हणालास तू?"

"कधी?"

"म्हातारीचं."

"खूष आहे म्हणालो."

"कशावरून?"

मेहुण्याने पेटवायला घेतलेली सिगारेट हातातच ठेवली.

"तुमच्यावरून."

"माझ्यावरून म्हणजे?"

"तुमच्या भुवया. वर गेल्या की खूष, खाली आल्या की उपाशी. तेवढं कळतं की आता मला, दाजी. इतकी वर्षं आहे तुमच्या हाताखाली."

"आणि नाक?"

मेहुण्याने नाकाला हात लावून बघितला, जणू विचारल्यावर आठवलं.

"त्यात काही येत नाही आता. बरंच झालं. तुमच्या आधीपासून ओढतोय मी. तुम्हाला सवय मीच लावली, विसरलात का? तुमच्या लग्नाच्या आधी, गच्चीवर."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही होतात ना. बेकरीत एक नाक पुरतं."

दाजी पायरीवर बसले. भिंतीवरची पाल तिथेच होती. एरवी अशी गोष्ट त्यांना कोणी सांगितली असती तर ते पोट धरून हसले असते, मग गल्लीभर सांगत फिरले असते, आणि प्रत्येक वेळी तिखटमीठ वाढवलं असतं.

"मी भुवया कशावरून वर करतो, माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"कशावरून?"

"सवयीने."

मेहुण्याला पोचायला वेळ लागला. पोचलं तेव्हा तोही बसला, एक पायरी खाली.

"म्हणजे म्हातारीचा वास कोणीच..."

"दोन वर्षं."

"आपण काय करत होतो मग?"

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो, तू माझ्या."

आतून तोटाबाईच्या खुर्चीचा आवाज आला. मेहुण्याने आवाज खाली आणला आणि भराभर बोलायला लागला. त्याचं डोकं अशा वेळीच चालायचं.

"दाजी, ऐका. हे बाहेर कोणाला कळायचं कारण नाही. मालकीणबाईंना सांगा, तुम्हाला सापडलं. वासावरून ओळखलंत. ती बाई संध्याकाळी जाईल. म्हातारीतली निम्मी काढून टाकू, चार दिवस दोन्ही वेळ जेवायला घालू, उठून बसेल. पाव सुधारला की शनिवारचा माणूस आल्या पावली परत. तुमचं नाक वर."

दाजींनी ते पूर्ण ऐकून घेतलं. बेत बिनचूक होता. आयुष्यात केलेल्या सगळ्या थट्टांमध्ये ही सगळ्यात मोठी झाली असती. नाक नसलेल्या माणसाने नाकाच्या जोरावर बेकरी वाचवली.

"आणि पुढच्या महिन्यात?" त्यांनी विचारलं. "तोटाबाईला ठेवून घ्यायची पोत्यावर?"

दाजी उठले, पँटची धूळ झटकली आणि दार उघडलं.

मालकीणबाई जिना उतरून आलेल्याच होत्या. साठी उलटलेल्या, अंगाने सडसडीत, बोलायला बेताच्या. जन्म याच इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा. त्यांची नजर फडक्याखाली ताटकळलेल्या कणकेवरून दाजींवर आली.

"कणीक ओसंडायला आलीय, आणि तुम्ही कुठे?"

"मालकीणबाई, पाव पिठाने नाही बिघडला," दाजी म्हणाले. "म्हातारी उपाशी आहे. कित्येक महिने. मी तिला वेळेवर घातलं नाही."

"तुम्हाला कळलं नाही?"

"नाही. या बाईंना कळलं. मला कळलं नसतंच. माझं नाक गेलंय."

"कधी?"

"दोन वर्षं होतील."

मालकीणबाईंनी मेहुण्याकडे बघितलं. "आणि हा? हा रोज वास घेतो ना?"

"हा माझ्या भुवया वाचतो."

कोणी हसलं नाही. तोटाबाई पिशवी पोटाशी धरून उभी होती. आपण नक्की काय मोडलं, हे तिला कळत नव्हतं, पण काहीतरी मोडल्यासारखं वाटत होतं खरं. दाजी वाट बघत होते. दोन वर्षं लपवलेलं एका वाक्यात संपलं होतं आणि आता त्यांच्या हातात करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी हात मागे बांधले.

मालकीणबाई मागच्या खोलीत गेल्या. बाकीचे दारापर्यंत गेले. त्यांनी स्वतः झाकण उचललं, डोळे मिटले आणि आत वाकून श्वास घेतला. मग आणखी एक. दाजी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हे काम त्यांना चांगलं जमायचं. त्या तोंडावर किळस आली नाही, राग आला नाही, काहीच आलं नाही. त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या, बंद दारावर टकटक करून थांबावं तशा.

मग सरळ झाल्या. कोणाकडे न बघता त्यांनी तोटाबाईला विचारलं,

"तुम्हाला नक्की कसला आला म्हणालात?"

"नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखा."

"हं. आणि त्याच्या खाली?"

"खाली?"

"तिच्या वासाखाली आणखी एक वास असायचा. बघा बरं, आहे का."

मेहुण्याने तोंड उघडलं. दाजींनी त्याच्या पायावर पाय ठेवला आणि चांगला दाबला.

तोटाबाई वाकली.

"आहे," ती म्हणाली. "अगदी थोडा. सफरचंद सोलून साल तसंच ताटलीत ठेवलं तर येतो ना, तसा."

"आहे म्हणता?"

"आहे."

"मग जगेल," मालकीणबाई म्हणाल्या आणि झाकण ठेवलं. ते नीट बसलं होतं, तरी एकदा हाताने दाबलं. "दाजी, त्या शनिवारच्या माणसाला कळवा, येऊ नको म्हणावं."

"आणि तिचा वास कोण घेणार?"

"ठेवू कोणीतरी. धूर न लागलेलं. काय हुंगायचं ते शिकवायला तुम्ही आहातच."

दाजींना कितीतरी सुचत होतं. मालकांना रकाना नाही, हे तर अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी ओठावरच ठेवलं. मेहुण्याच्या पायावरचा पाय त्यांनी काढून घेतला.

भट्टीतला घाणा तयार झाला होता. मेहुणा लंगडत गेला आणि पत्रे ओढून बाहेर काढले. पाव तांबूस होते, गरम कवच तडतडत होतं. मालकीणबाईंनी एक उचलला, चटका बसला तसा या हातातून त्या हातात केला, मग पदराच्या टोकात धरला आणि तोटाबाईपुढे नेला.

"आणि हा?"

तोटाबाईने त्यावर नाक टेकवलं. डोळे आपोआप मिटले, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ती काही विचारायचं विसरली.

"पावाचा येतोय," ती म्हणाली. "ताज्या पावाचा वास."

मेहुणा पत्रा हातात धरून थांबला होता. दाजी एक पाऊल पुढे आले.

"हो, पण," मालकीणबाई म्हणाल्या, "तो कसा असतो, ते सांगा."